वाचकांचे प्रश्न : नव्या मेटल अल्बमांना कात्री कोण लावणार?

या वेळी आलेल्या पत्रांमधून नव्या हार्ड रॉक आणि हेवी मेटल अल्बमांविषयीची पत्रे निवडली आहेत. लांबलचक पत्रांचा गाभा तेवढा ठेवला आहे. उत्तरे एका जुन्या श्रोत्याची आहेत, त्यामुळे त्यांत तटस्थतेचा आव आणलेला नाही.

प्रश्न : माझे कॉलेजचे दिवस मेटॅलिका, जुडास प्रीस्ट आणि आयर्न मेडन यांच्या कॅसेटींवर गेले. आता या तिघांचे नवे अल्बम ऐकायला बसलो, की मेटॅलिकाचा ‘७२ सीझन्स’ आणि मेडनचा ‘सेनजुत्सू’ अर्ध्यावर सोडावासा वाटतो. प्रीस्टचा ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ मात्र संपल्यावर पुन्हा लावावासा वाटतो. वय माझे झाले आहे की या बँडांचे? — एक वाचक, सांगली

उत्तर : वयाचा मुद्दा लगेच निकालात काढता येतो. ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ ८ मार्च २०२४ रोजी प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रीस्टचे गायक रॉब हॅलफर्ड ७२ वर्षांचे होते. तुम्ही नावे घेतलेल्या तीन बँडांच्या गायकांत तेच सर्वांत वडीलधारे. गिटारवादक ग्लेन टिप्टन यांना पार्किन्सन्सचा विकार असल्याचे २०१८ मध्येच जाहीर झाले होते, आणि दुसरे गिटारवादक रिची फॉकनर यांची महाधमनी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका महोत्सवात वाजवत असतानाच फाटली व त्यांच्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. इतके सोसलेल्या बँडने तिघांतला सर्वांत चपळ अल्बम द्यावा, याचे कारण वयात सापडणार नाही. माझ्या मते ते संकलनात आहे, म्हणजे काय ठेवावे आणि काय टाकावे हे कोणीतरी ठामपणे ठरवण्यात आहे.

मिनिटे मोजून पाहा. प्रीस्टची ११ गाणी सुमारे ५२ मिनिटांत संपतात. १४ एप्रिल २०२३ रोजी आलेल्या ‘७२ सीझन्स’मधल्या १२ गाण्यांना ७७ मिनिटे लागतात, आणि सप्टेंबर २०२१ मधल्या ‘सेनजुत्सू’ची १० गाणी जवळजवळ ८२ मिनिटे चालतात. याच मेडनचा १९८२ सालचा ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ आठ गाण्यांचा आणि सुमारे ४० मिनिटांचा होता. मेटॅलिकाचा १९८६ सालचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ही आठच गाण्यांचा आणि ५५ मिनिटांच्या आत संपणारा. त्या काळी हे कलाकार अधिक संयमी होते असे मानण्याचे कारण नाही. त्यांना एलपीच्या तबकडीने आवरले होते. तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपेक्षा अधिक संगीत भरले तर खाचा एकमेकींजवळ येतात, आवाज लहान होतो आणि खर्ज पातळ पडतो, म्हणून दुबळे गाणे बाहेर ठेवावेच लागे. सीडीने ही मर्यादा आधी ७४ आणि पुढे ८० मिनिटांपर्यंत नेली, आणि इंटरनेटवरून ऐकण्याच्या काळात ती उरलीच नाही. यंत्राने लावलेली कात्री गेली, तेव्हा ती माणसाने हातात घ्यायला हवी होती.

ती घेणार कोण, हा खरा पेच आहे. १९९१ च्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बमाच्या वेळी बॉब रॉक या निर्मात्याने मेटॅलिकाशी महिनोन्‌महिने वाद घातले आणि त्यातून लहान, घट्ट गाणी निघाली. ‘७२ सीझन्स’ची निर्मिती ग्रेग फिडेलमन यांच्यासह बँडमधल्याच जेम्स हेटफिल्ड आणि लार्स उलरिक यांनी केली आहे, वादी आणि न्यायाधीश एकाच बाकावर बसले, की निकाल कसा लागणार हे वेगळे सांगायला नको. अल्बमची कल्पना चांगली आहे : माणसाच्या आयुष्याची पहिली १८ वर्षे, म्हणजे ७२ ऋतू, आणि त्या वर्षांनी मनावर केलेले घाव. ‘लक्स इटर्ना’ साडेतीन मिनिटांच्या आत संपते आणि म्हणूनच लक्षात राहते. उलट टोकाला ‘इनामोराटा’ अकरा मिनिटांहून लांब, बँडच्या स्टुडिओ अल्बमांमधले सर्वांत दीर्घ गाणे. तरीही ते मला कंटाळवाणे वाटत नाही, कारण मध्यावर सगळे थांबते, रॉबर्ट ट्रुहीयो यांचे बेस गिटार एकटे चालत राहते आणि मग इतर वाद्ये एकेक करून परत येतात. अडचण मधल्या गाण्यांची आहे. ‘स्लीपवॉक माय लाइफ अवे’, ‘क्राउन ऑफ बार्ब्ड वायर’ आणि ‘चेसिंग लाइट’ ही तीन वगळून अल्बम लावून पाहा. तो तासाच्या आत येतो आणि मेटॅलिकाच्या चांगल्या अल्बमांत जाऊन बसतो.

मेडनचे दुखणे निराळे आहे. तिथे गाणी वाईट नाहीत. साचा एकच आहे. ‘सेनजुत्सू’ची शेवटची तीन गाणी बँडचे बेसवादक स्टीव्ह हॅरिस यांनी एकट्याने लिहिली आहेत आणि तिन्ही दहा मिनिटांच्या पुढे जातात. हळुवार गिटारने सुरुवात, मग वेग, मध्ये लांब वाद्यसंगीत आणि अखेरीस पुन्हा तीच हळुवार गिटार. ‘हेल ऑन अर्थ’मध्ये हा साचा सार्थ ठरतो, कारण तिथली मुख्य सुरावट प्रत्येक आवर्तनागणिक मोठी होत जाते. ‘डेथ ऑफ द केल्ट्स’मध्ये ती वाढत नाही, नुसती परत येते.

प्रीस्टचे निर्माते अँडी स्नीप स्वतः ब्रिटिश थ्रॅश मेटलमधून, म्हणजे मेटलच्या अतिवेगवान शाखेतून आलेले गिटारवादक आहेत आणि दौऱ्यांवर टिप्टन यांच्या जागी तेच वाजवतात. प्रीस्ट ऐकतच मोठी झालेली ही पिढी असल्यामुळे त्यांना या बँडचे बलस्थान नेमके ठाऊक आहे : दोन गिटारींचा संवाद, हॅलफर्ड यांची तार सप्तकातली किंकाळी आणि चार-पाच मिनिटांत संपणारे गाणे. ‘पॅनिक अ‍ॅटॅक’च्या आरंभी येणारा सिंथेसायझर १९८६ च्या ‘टर्बो’ची आठवण करून देतो आणि लगेच बाजूला होतो. ‘द सर्पंट अँड द किंग’मधली हॅलफर्ड यांची पट्टी ऐकून विश्वास बसत नाही. उत्तरार्धात एखाददुसरे गाणे ठीकठाक आहे, पण रेंगाळत कुठलेच नाही. तेव्हा तुमचे कान शाबूत आहेत.

प्रश्न : नवे मेटल अल्बम हेडफोनवर वीस मिनिटे ऐकले, की डोके जड होते. जुने अल्बम तितक्याच आवाजात ऐकले तर तसे होत नाही. हेडफोन बदलू का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हेडफोन बदलण्याआधी एक प्रयोग करा. जुना आणि नवा असे दोन अल्बम कानाला सारख्याच मोठ्या वाटतील इतपत आवाज जुळवा आणि मग फक्त स्नेअर ड्रमकडे, म्हणजे ड्रमसंचातल्या कडक, कडाडणाऱ्या ड्रमकडे लक्ष द्या. जुन्या अल्बमात तो गिटारच्या पुढे उसळी मारून येतो. नव्यात तो पुष्कळदा गिटारच्या भिंतीतच चिणलेला असतो. मास्टरिंग करताना, म्हणजे तयार ध्वनिमुद्रणावर शेवटचा हात फिरवताना, सर्वांत मोठे क्षण दाबायचे आणि मग सगळेच वर उचलायचे, म्हणजे अल्बम पहिल्या ऐकण्यात दणदणीत वाटतो, ही पद्धत १९९० च्या दशकापासून रुळली. मोठ्या आणि लहान आवाजांतले अंतर संपले, की कानाला विसावा उरत नाही. थकवा येतो तो त्यामुळे.

याचे गाजलेले उदाहरण म्हणजे मेटॅलिकाचा २००८ सालचा ‘डेथ मॅग्नेटिक’. त्याच वेळी ही गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्येही आली आणि तिथला आवाज कमी दाबलेला निघाला. चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकले, अल्बम नव्याने मिक्स करावा म्हणून सह्या गोळा केल्या, आणि ध्वनितंत्रज्ञांपुरता असलेला हा वाद वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचला. आता गाणी ऐकवणाऱ्या मोठ्या सेवा सगळ्या गाण्यांचा आवाज आपोआप एका पातळीवर आणून ठेवतात, त्यामुळे दाबून मोठे केलेले गाणे इतरांपेक्षा मोठे वाजतच नाही. फक्त चपटे वाजते. तरीही सवय सुटलेली नाही. ज्या ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ची मी वर स्तुती केली, तोही या बाबतीत निर्दोष नाही.

दुसरे कारण ड्रमचे. आजच्या अनेक अल्बमांत वादकाने मारलेल्या प्रत्येक ठोक्याच्या जागी आधी मुद्रित केलेला एकच आदर्श ठोका संगणकाने बसवलेला असतो आणि सगळे ठोके घड्याळाच्या काट्यावर सरकवलेले असतात. दोन्ही पायांनी जलद वाजवलेला बेस ड्रम (डबल बेस) मग टंकलेखन यंत्रासारखा ऐकू येतो, कारण माणसाच्या पायाचा कमी-अधिक जोर त्यातून पुसला गेलेला असतो.

उतारा म्हणून डेनव्हरच्या ब्लड इन्कँटेशन या डेथ मेटल बँडचा ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’ ऐका. तो ऑक्टोबर २०२४ मध्ये आला आणि त्याचे ध्वनिमुद्रण बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत झाले. डेव्हिड बोवी यांनी १९७७ मध्ये ‘हीरोज’ ध्वनिमुद्रित केला तोच हा स्टुडिओ. अल्बमात दोनच रचना आहेत, प्रत्येकी सुमारे वीस मिनिटांच्या आणि तीन-तीन भागांत विभागलेल्या, म्हणजे एलपीच्या दोन बाजूंना नेमक्या पुरणाऱ्या. टँजरीन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचे थॉर्स्टन क्वेश्निंग त्यात पाहुणे आहेत. डेथ मेटलचा गदारोळ अचानक विरतो, काही मिनिटे नुसते सिंथेसायझर तरंगत राहतात, आणि मग ड्रम परत येतात तेव्हा ते खरोखर मोठे वाटतात, कारण मध्ये शांतता होती. वीस मिनिटांची रचना मला चालते आणि सात मिनिटांचे गाणे चालत नाही, यात विसंगती दिसली तर तिचे उत्तर या अल्बमात आहे : इथली प्रत्येक मिनिट कुठेतरी नेते.

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा मुलगा दिवसरात्र ओपेथ नावाच्या बँडचा नवा अल्बम ऐकतो. त्यातले गुरगुरणे मला सहन होत नाही आणि एक शब्दही कळत नाही. अशा गाण्याने घसा खराब होत नाही का? आणि त्यात नेमके म्हटले काय आहे? — एक आई, नाशिक

उत्तर : ताई, नुसते ऐकण्याने घशाला काही होत नाही. मुलगा नक्कल करत असेल, तर त्याला योग्य शिक्षकाकडे पाठवा. या गायनाला ग्रोल म्हणतात. ते करताना नेहमीच्या स्वरतंतूंवर ताण देण्याऐवजी त्यांच्या वर असलेल्या मांसल पडद्यांना कंप दिला जातो आणि जोर पोटातून आलेल्या श्वासाचा असतो. जाणकार गायकाचा आवाज प्रत्यक्षात फारसा मोठाही नसतो. मायक्रोफोन तो मोठा करतो. न शिकता ओरडणाऱ्याचा घसा मात्र आठवड्यात बसतो.

आता अल्बमविषयी. ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. स्वीडनच्या या बँडचे प्रमुख मिकाएल ऑकरफेल्ट यांनी २००८ च्या ‘वॉटरशेड’नंतर आपल्या अल्बमांत ग्रोल केलाच नव्हता, त्यामुळे सोळा वर्षांनी तो परतला याचाच चाहत्यांत मोठा गाजावाजा झाला. माझ्या दृष्टीने तो का परतला हे अधिक महत्त्वाचे आहे. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, एक धनाढ्य आणि करारी बाप मेला आहे, आणि मुलांसमोर त्याचे मृत्युपत्र वाचले जात आहे. त्यातून मुलांच्या जन्माविषयीची गुपिते बाहेर पडतात आणि वारसा कोणाचा हा प्रश्न उभा राहतो. इस्टेटीवरून घर फुटण्याची ही गोष्ट आपल्याला अजिबात परकी नाही. गाण्यांना नावे नाहीत. मृत्युपत्रातल्या कलमांसारखे क्रमांक आहेत, फक्त शेवटच्या गाण्याला नाव आहे. गुरगुरणारा आवाज प्रामुख्याने त्या मेलेल्या बापाचा आहे, जो कागदातूनही घरावर हुकमत गाजवतो. जेथ्रो टल या बँडचे इयन अँडरसन यांचे निवेदन आणि बासरीही यात आहे. शेवटचे गाणे संपूर्णपणे साध्या, मऊ आवाजात गायलेले आहे.

मुलाकडून गीतांचा कागद मागून घ्या आणि तो समोर ठेवून शेवटच्या गाण्यापासून उलट ऐकत या. ग्रोल तुम्हाला आवडेल असे आश्वासन मी देत नाही, पण तो तिथे का आहे ते कळेल.

प्रश्न : दिल्लीच्या ब्लडीवूडचे परदेशात इतके कौतुक होते, पण मला त्यांचा ढोल म्हणजे परदेशी डाळीला वरून दिलेली देशी फोडणी वाटते. आपले मत काय? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : फोडणीचा आरोप २०२२ च्या ‘रक्षक’मधल्या काही गाण्यांवर ठेवता येईल. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ‘नू दिल्ली’वर तो टिकत नाही. हिंदी चित्रपटगीतांची विडंबने इंटरनेटवर टाकण्यापासून सुरुवात केलेल्या या मंडळींनी दुसऱ्या अल्बमापर्यंत बरीच मजल मारली आहे. आपल्या पथकांतला ढोल एका बाजूने टिपरूने आणि दुसऱ्या बाजूने हाताच्या थापेने वाजतो. भांगड्याच्या ढोलाला दोन्ही बाजूंना काठ्या, एक जाड आणि एक बारीक. ती बारीक काठी मेटलच्या दृष्टीने मोलाची, कारण तिचा टणत्कार जड गिटारच्या आवाजाला भेदून वर येतो, आणि जाड काठीचा घुमारा गिटारच्या खर्जात मिसळतो. ‘हल्ला बोल’मध्ये रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, आणि ढोल एकाच लयीत बांधले आहेत, ढोल काढला तर रिफ लंगडी पडेल. फोडणी अशी वेगळी काढता येत नाही.

जपानच्या बेबीमेटलसह केलेल्या ‘बेखौफ’बद्दल मी तितका उत्साही नाही; तिथे पाहुण्यांची सरबराई अधिक झाली आहे. जयंत भडुला यांचा हिंदी ग्रोल आणि राऊल केर यांचे इंग्रजी रॅप यांतला तोलही कधीकधी रॅपच्या बाजूला कलतो. पण आठ गाणी आणि सुमारे अर्ध्या तासाचा खेळ, एवढ्यावर थांबण्याची अक्कल त्यांनी दाखवली आहे.

तुलनेसाठी मुंबईच्या डिमॉनिक रिझरेक्शनचा २०१७ चा ‘दशावतार’ ऐका. तिथे विषय पूर्णपणे आपला आहे, पण बांधणी युरोपीय मेटलला जवळची. दोन्ही वाटा मला मान्य आहेत. त्या बँडचे साहिल मखिजा ‘डिमनस्टीलर’ या नावाने एकट्याने जे काम करतात, त्यातला २०२३ चा ‘द प्रोपगंडा मशीन’ या दोन्हींपेक्षा अधिक कडवा आहे.

प्रश्न : घोस्ट आणि स्लीप टोकन हे मुखवटेवाले बँड मेटल आहेत का? — एक वाचक, पुणे

उत्तर : मे २०२५ मध्ये या दोघांचे ‘स्केलेटा’ आणि ‘ईव्हन इन आर्केडिया’ हे अल्बम एकाच महिन्यात अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिल्या स्थानावर पोहोचले, तेव्हापासून हा वाद वाढला आहे. घोस्ट हा १९८० च्या दशकातल्या गोड सुरावटींचा हार्ड रॉक आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. स्लीप टोकन हा मुळात भावगीतांचा बँड आहे, मध्येच जड गिटार आणणारा. ती गिटार गाण्याची गरज म्हणून येते, की चाहत्यांना कबूल केले आहे म्हणून, हे प्रत्येक गाण्यागणिक तपासावे. माझ्या हिशेबात ती अर्ध्या वेळा दुसऱ्या कारणाने येते.

प्रश्न : एकाच नव्या अल्बमाच्या चार रंगांतल्या एलपी निघतात. घ्याव्यात का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : एक घ्या, तीही काळी. रंगाने आवाज सुधारत नाही. वर म्हटलेल्या ‘स्केलेटा’च्या पहिल्या आठवड्यातल्या विक्रीत एलपींचा वाटा मोठा होता, त्यामुळे बँड रंग का काढतात हे उघड आहे. ७७ मिनिटांचा अल्बम दोन तबकड्यांवर जातो आणि दर वीसेक मिनिटांनी उठावे लागते, हा त्याचा एक फायदा मात्र मी नाकारणार नाही.

प्रश्न : मुंबईत आता मोठे बँड येऊ लागले आहेत. मे २०२५ मध्ये गन्स अँड रोझेस महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर वाजवून गेले. असे जुने बँड आपली नवी गाणी मंचावर फारशी का वाजवत नाहीत? — एक वाचक, मुंबई

उत्तर : तिकीट काढणाऱ्यांतल्या बहुतेकांना जुनीच गाणी हवी असतात, हे झाले व्यवहाराचे उत्तर. पण बँडचा स्वतःच्या नव्या अल्बमावर किती विश्वास आहे, हेही मंचावरच्या यादीत दिसते. मेडनने २००६ च्या दौऱ्यात ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ हा तेव्हाचा नवा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवला होता. काही श्रोते कुरकुरले, पण बँड हटला नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलात आले, तो दौराच जुन्या गाण्यांचा होता. २०२५ मध्ये सुरू झालेल्या दौऱ्यात त्यांनी १९९२ पर्यंतचीच गाणी घेतली, म्हणजे ‘सेनजुत्सू’ त्यातून पूर्णपणे बाहेर. मेटॅलिका एका शहरात दोन रात्री वाजवते आणि एकही गाणे पुन्हा घेत नाही, तरी ‘७२ सीझन्स’मधली मोजकीच गाणी त्यात बसतात. प्रीस्टने २०२४ च्या दौऱ्याची सुरुवात जुन्या लोकप्रिय गाण्याने केली नाही. पडदा वर गेल्यावर पहिले गाणे ‘पॅनिक अ‍ॅटॅक’ होते.